पहिलं बाळ, हातात वीस हजार आणि तोंडावर पेरणी: पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली चार एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. बायकोला पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण, तारीख जूनच्या मध्याची. बाळंतपणाला ती माहेरी, अमरावती जिल्ह्यात जाणार. कापसाच्या चुकाऱ्यातून वीस हजार बाजूला काढून ठेवले आहेत. तालुक्याच्या दुकानदाराने बाळाच्या सामानाची चौदा हजारांची यादी हातात दिली. त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं?

सामानाचं उत्तर सोपं आहे. दीड-दोन हजारांत सगळं भागतं, ते पुढे सांगतो. पण सामानाने कोणी कर्जात जात नाही. घर कर्जात जातं ते तीन गोष्टींनी: आयत्या वेळी खाजगीत करावं लागलेलं सिझेरियन, डब्याचं दूध आणि पहिल्या वर्षातली आजारपणं. म्हणून वीस हजारांतले आठ ते दहा हजार बँकेत तसेच राहू द्या. जूनमध्ये बियाणं आणि खत याच पैशाकडे बघतील. बाळंतपणाचा पैसा बायकोच्या खात्यावर ठेवला तर तो पेरणीत जाण्याची शक्यता कमी.

आत्ता, पाचव्या महिन्यात करायची कामं

गावच्या आशाताईकडे नोंद झाली नसेल तर या आठवड्यात करा आणि माता व बाल संरक्षण कार्ड घ्या. त्यावरचा नोंदणी क्रमांक पुढे प्रत्येक योजनेला लागतो. माहेरी गेल्यावर तिथल्या आशाताईला हेच कार्ड दाखवायचं. नवीन नोंद करू नका. एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्या की पोर्टलवर अर्ज अडकतो आणि तो सोडवायला दोन तालुक्यांच्या चकरा होतात.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पासून ते दोन हप्त्यांत आहेत: गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनकार्ड, जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड यांपैकी एखादा कागद बहुतेक शेतकरी-शेतमजूर घरांत असतोच, तो पुरतो.

हे पैसे अडकतात ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे नाव. आधारवर माहेरचं, बँकेत सासरचं, रेशनकार्डात तिसरंच. दुसरं म्हणजे खातं. पैसा अर्जावर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात जातो. लग्नाआधी शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातं तिथे जोडलेलं असेल, तर हप्ता त्या बंद पडलेल्या पासबुकात जाऊन बसतो. बँकेत जाऊन "माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय" एवढं विचारा आणि चालू खातं जोडून घ्या. हे काम जानेवारीत निवांत होतं. जूनमध्ये पीककर्जाच्या गर्दीत कोणी उभंही करत नाही.

तुमच्या तारखेचा हिशोब मांडा. बाळ जूनच्या मध्यात आलं तर सहा आठवड्यांची लस जुलैअखेर, दहाची ऑगस्टअखेर, चौदाची सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे दुसरा हप्ता दिवाळीच्या आसपास आला तर आला. बाळंतपणाच्या खर्चात तो धरू नका. अनुसूचित जाती-जमाती किंवा दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागासाठीचे ७०० रुपये वेगळे आहेत. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत याच घरांतल्या गरोदर बाईला बुडित मजुरी म्हणून ४,००० मिळतात, अर्धे नवव्या महिन्यात आणि अर्धे बाळंतपणानंतर. आपला तालुका त्यात आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

तपासण्या: इथे काटकसर नको, आणि बहुतेक फुकट आहेत

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. रक्त, लघवी, रक्तदाब, वजन सगळं तिथे होतं. सोनोग्राफीची एक वेळ तुमच्यासाठी आत्ताच आहे: अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानची, ज्यात बाळाचे अवयव पाहतात. ती ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात करून घ्या. खाजगीत दर महिन्याला करायला सांगतात, दर वेळी हजाराच्या आसपास जातात. डॉक्टरांनी ठराविक कारण सांगितलं नसेल तर दर महिन्याच्या सोनोग्राफीची गरज नसते.

विदर्भात सिकलसेलची तपासणी चुकवू नका. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, नागपूर, मेळघाट, यवतमाळ, सगळीकडे रक्ताचा हा पिढीजात आजार आहे. बोटातून रक्त घेऊन प्राथमिक तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. बायको वाहक निघाली, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी बाळाला तो दोष देऊ शकणारी, तर त्याच दिवशी नवऱ्याचीही करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि पुढचा सल्ला जिल्ह्याच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा. आधी कळलं तर जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी होते. उशिरा कळलं तर ताप, कावीळ, सांधेदुखी म्हणून वर्षभर वेगवेगळ्या दवाखान्यांत पैसा जातो.

हिमोग्लोबिन हा या सगळ्यातला सर्वांत मोठा बचतीचा आकडा आहे. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यात भरती. रक्त कमी असलेल्या बाईला प्रसूतीत थोडा रक्तस्राव झाला तरी तिला जिल्ह्याला पाठवतात, आणि मध्यरात्री घाबरलेलं घर वाटेतल्या खाजगी दवाखान्यात शिरतं. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, रोज एक, निदान १८० दिवस. बाया त्या सोडून देतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं साधी गोष्ट आहे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत कधीही नाही, लिंबूपाण्यासोबत उत्तम. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही आणि तीन महिने गोळ्या खाऊनही आकडा जागचा हलत नाही.

बाळंतपण कुठे

सरकारी दवाखान्यात बाळंतपण पूर्ण मोफत आहे. जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साधी प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, बाईचं जेवण (साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात), घरून दवाखान्यात नेणारी आणि परत सोडणारी गाडी हे सगळं येतं. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचाही उपचार यातच. बाहेरून औषध आणायला सांगितलं किंवा कोणी "खुशी" मागितली तर १०४ वर तक्रार करा. १०२ ही गरोदर बाई आणि बाळासाठीची गाडी, १०८ तातडीची. दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, कारण कळा सुरू होतात तेव्हा नवरा वावरात असतो.

खाजगी सिझेरियनला तालुक्याच्या गावात साधारण तीस ते साठ हजार जातात. ते टाळायचं असेल तर छत्तिसाव्या आठवड्यातच ठरवा की कुठे जायचं. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, रक्त फार कमी, यातलं काहीही असेल तर प्राथमिक केंद्रात वेळ घालवू नका. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला लोक डफरीन म्हणतात, अकोल्याचं लेडी हार्डिंग, नागपूरचं डागा, गोंदियाचं बाई गंगाबाई, यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ही त्यासाठीची ठिकाणं. काही अडचण नसेल तर माहेरच्या जवळचं ग्रामीण रुग्णालय पुरेसं आहे. तिथे प्रसूतीनंतर ४८ तास थांबा. रक्तस्राव आणि बाळाचा त्रास बहुतेक या दोन दिवसांतच दिसतो.

जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात नाल्याला पूर येतो आणि रस्ता बंद होतो. माहेर अशा गावात असेल तर शेवटचा आठवडा दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे राहायची सोय आत्ताच लावा. मेळघाटात काही प्राथमिक केंद्रांना जोडून माहेरघर आहे, तिथे तारखेच्या आधी काही दिवस राहता येतं. आणि तिथलं जेवण मिळतं.

बाळ कमी वजनाचं किंवा आजारी निघालं तर जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता कक्षात उपचार फुकट आहेत. जागा नसल्याने खाजगीत जावं लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेलाच दवाखाना निवडा, आणि भरती करतानाच योजनेचं काम पाहणाऱ्या तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार दाखवा. बिल झाल्यावर कार्ड काढलं तर बहुतेक उपयोग होत नाही.

दूध

दुकानदाराच्या यादीत दोन बाटल्या, त्या उकळायचं यंत्र आणि दुधाचा एक डबा असेलच. यातलं काहीही घेऊ नका. एकदा डबा सुरू झाला की काय होतं ते आकड्यात पाहा. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागतं. त्याला पावडर लागते १०० ग्रॅमच्या आसपास. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ. साडेचारशेचा डबा धरला तरी साडेतीन हजारांच्या आसपास. घरच्यांना हे झेपत नाही, मग मोजाचं पाणी तेवढंच आणि पावडर अर्धी होते. बाळ पोट भरल्यासारखं झोपतं, पण वजन घटत जातं. त्यात बाटलीतून जुलाब, आणि जुलाबाची सलाईन वेगळी. गाईचं किंवा बकरीचं दूध स्वस्त पडतं म्हणून वर्षाच्या आत देऊ नका. त्यात लोह फार कमी असतं, आणि बाळाच्या आतड्यातून रक्त जाऊ शकतं.

दूध येत नाही अशी तक्रार पहिल्या तीन दिवसांत असते. तेव्हा जे थोडं पिवळं, घट्ट येतं तेच चीक. बाळाचं पोट त्या वेळी तेवढंच असतं. जन्मल्यावर तासाच्या आत छातीशी लावा, सिझेरियन झालं तरी बाई शुद्धीवर येताच. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी नको, काळ्या भागाचा बराचसा भाग हवा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. बोंडीला चिरा पडण्याचं कारण बहुतेक हेच असतं, मलम नंतरची गोष्ट.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं असेल, तर दूध पुरतं आहे. वजन अंगणवाडीत फुकट होतं. बाटली दिली की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, म्हणून "थोडा डबा, थोडं अंगावरचं" हा मार्ग शेवटी पूर्ण डब्यावरच जातो.

सहा महिने पाणीसुद्धा नको. जूनच्या उकाड्यातही नको. अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. घुटी, मध, ग्राईप वॉटर, साखरपाणी हे सगळं बंद. घुटीच्या सहाणेवरून जंतू जातात, आणि मधातल्या एका जंतूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला लकवा होऊ शकतो. आजीला हे सांगणं अवघड जातं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला आजीसमोरच सांगायला लावा.

वेचणीच्या दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बाळ चार-पाच महिन्यांचं असेल आणि बाई कामाला जाईल. तेव्हा दूध हाताने काढून ठेवता येतं. स्टीलची वाटी पाण्यात उकळून घ्यायची, हात साबणाने धुवायचे. अंगठा वर आणि बोटं खाली काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग दुसरी, असं आलटून पालटून वीस-तीस मिनिटं. वाटी झाकून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाजवळ ठेवा आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजा. उरलेलं फेकून द्या.

बाळाला वावरात नेऊ नका, विशेषतः फवारणीच्या दिवसांत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती धडधाकट मोठी माणसं होती. फवारून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. फवारणीचे कपडे बाळाच्या लंगोटांसोबत एका बादलीत कधीच नको.

कपडे आणि सामान

एक जुनी मऊ सुती साडी, साडेपाच मीटर लांब आणि एकशे दहा सेंटिमीटर रुंद. ५५ सेंटिमीटरचे चौकोन कापले तर बरोबर वीस लंगोट निघतात. नवं कापड कडक असतं आणि पाणी कमी शोषतं, म्हणून जुनंच बरं. पॉलिस्टर मिसळलेली साडी नको, त्याने घाम आणि लाली येते. ओळखायचं कसं? एक धागा जाळून बघा. सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टरची गाठ वितळते.

एरवी वीस-चोवीस लंगोट पुरतात. पण तुमचं बाळ पावसाळ्यात येतं आहे, तेव्हा तीस-छत्तीस करा, म्हणजे दोन साड्या. जुलै-ऑगस्टमध्ये झडीचे दिवस लागले की तीन-तीन दिवस काही वाळत नाही, आणि बहुतेक घरं त्याच आठवड्यात डायपरला लागतात. ओलसर लंगोट इस्त्रीने कोरडे करा. चुलीच्या धुरावर वाळवू नका, बाळाच्या छातीला त्रास होतो. धुताना आधी साध्या पाण्याने, मग साबण, मग दोनदा स्वच्छ पाणी. जंतुनाशक औषध टाकू नका. ते कापडात राहतं आणि जांघेत चट्टे येतात.

डायपर आठ-दहा रुपयाला एक. दिवसाला सहा लावले तर महिन्याला चौदाशे ते अठराशे. रात्री एक आणि दवाखान्याला जाताना एक, एवढंच ठेवलं तर तीनशेत भागतं आणि सगळ्यांना झोप मिळते. तेवढा खर्च करण्यासारखा आहे.

जुने कपडे वापरताना एक गोष्ट मनापासून सांगतो. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेले कपडे, शाल, गोधडी तशीच बाळाला लावू नका. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं रसायन कमी असतं, आणि विदर्भातल्या काही आदिवासी समाजांत हे दिसतं. अशा बाळाच्या रक्तपेशी त्या गोळीच्या वाफेने फुटतात आणि जोराची कावीळ होते. सातव्या महिन्यातच सगळे कपडे बाहेर काढा, दोनदा धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. पुढे गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

विकत घ्यायचं ते एवढंच. सुती झबली सहा, टोपड्या तीन, मेणकापड एक मीटर, छत्रीची मच्छरदाणी, पाऱ्याऐवजी आकडा दाखवणारा तापमापक, नखं कापायचं छोटं यंत्र, खोबरेल किंवा तिळाचं तेल. दुपटी जुन्या धोतराची, गोधडी घरच्या लुगड्यांची. सरकारी दवाखान्यात पहिल्या बाळंतपणाला बेबी केअर किट देण्याची राज्याची योजना आहे. साठा असेल तर मिळतं, म्हणून खरेदीच्या आधी अंगणवाडीत विचारून घ्या. वॉकर घेऊ नका, त्याने बाळ लवकर चालत नाही आणि उंबऱ्यावरून, चुलीवर पडतं. पावडर नको, ती छातीत जाते. काजळात शिसं असू शकतं, तेही नको. नाळेवर हळद, तेल, राख काहीच लावू नका. कोरडी ठेवली की ती आपोआप पडते.

टिनाच्या घरात जूनचा उकाडा बाळाला मानवत नाही. एप्रिलमध्ये टिनावर बाहेरून चुन्याचे दोन हात मारा. खर्च थोडका आहे आणि दुपारी खोलीत फरक जाणवतो. कूलर लावा, पण हवा बाळाच्या अंगावर सरळ नको. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा, नाहीतर डेंगीचे डास तिथेच वाढतात. बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याची रीत मात्र सोडून द्या. त्या धुराने माय-लेकरं दोघंही गुदमरतात.

बाळंतिणीचं खाणं आणि सण-समारंभ

डिंक, गोडंबी, खारीक, खोबरं यांचे लाडू चांगलेच आहेत, पण तीन-चार हजारांचे लाडू आणि बाकी नुसता वरण-भात हा उलटा हिशोब आहे. बाईला लागतं ते रोजचं: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, एक अंडं, शेंगदाणे, तीळ-जवसाची चटणी, हिरवी भाजी, लिंबू. पथ्याच्या नावाखाली भाजी आणि पाणी बंद करू नका. रोज एक जास्तीचं जेवण हवं. अंगणवाडीचा आहार तिच्या हक्काचा आहे. तो घरी आणून सगळ्यांत वाटला जातो, तसं होऊ देऊ नका. आदिवासी उपयोजना क्षेत्रात अमृत आहार योजनेतलं गरम जेवण गरोदर बाईला आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मिळतं.

बारशाला येणारे फ्रॉक तीन महिन्यांत लहान होतात. काय हवं असं विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगा: मच्छरदाणी द्या, सुती कापड द्या, नाहीतर बाळाच्या खात्यात शंभर रुपये टाका. मंडप आणि जेवणावळ कापूस घरात आल्यावर, डिसेंबरात करा. तोवर बाळाचं अंगही धरलेलं असतं आणि गर्दीचा त्रास कमी होतो.

आजारपण कधी घरी, कधी दवाखान्यात

लसी सगळ्या सरकारी केंद्रात घ्या. न्यूमोनियाची आणि रोटाव्हायरसची लस आता तिथे फुकट आहे. न्यूमोनियाच्याच लसीला खाजगीत एका वेळी हजारो रुपये मोजावे लागतात. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येणं साधं आहे, म्हणून पुढची चुकवू नका.

जुलाब झाले तर सलाईन आणि सुईच्या मागे लागू नका. दोन महिन्यांच्या आतलं बाळ सरळ दवाखान्यात न्या. त्यापुढच्याला अंगावरचं दूध चालू ठेवून ओआरएस चमच्याने द्या, एक पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकली तर क्षार कमी-जास्त होतात. झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी: सहा महिन्यांच्या आत १० मिलिग्रॅम, पुढे २०. दोन्ही आशाताईकडे फुकट मिळतात.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढत नाही, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतं, छाती आत ओढते, ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा अंग गार, तळवे पिवळे, नाळेतून पू, झटके, यातलं एकही दिसलं तर लगेच १०८. इथे एक रात्र थांबणं सर्वांत महाग पडतं.

सहा महिन्यांनंतर

डिसेंबरात बाळाला वरचं अन्न सुरू होईल. डब्यातलं तयार सत्त्व ३०० ग्रॅमला अडीचशे-तीनशे रुपये पडतं. घरी करा: ४०० ग्रॅम तांदूळ किंवा ज्वारी, २०० ग्रॅम मूगडाळ, १०० ग्रॅम चांगले शेंगदाणे. काळपट, कडवट दाणे काढून टाका, त्यात बुरशीचं विष असतं. सगळं वेगवेगळं भाजून बारीक दळा. साधारण साठ रुपयांत सातशे ग्रॅम होतं आणि दोन आठवडे पुरतं. जास्त करू नका, थंडीतही खवट होतं. दोन मोठे चमचे पीठ एक कप पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवा, शेवटी एक छोटा चमचा तेल किंवा तूप. चमचा उलटा केला तर पटकन ओघळू नये एवढं घट्ट हवं. पातळ पेजेने पोट फुगतं, वजन वाढत नाही.

घट्ट अन्न बाळ गिळत नसेल तर पाणी वाढवू नका. गव्हाला मोड आणून, सावलीत वाळवून, अगदी हलकं भाजून दळा. शिजलेल्या गरम खिरीत त्याचा अर्धा चमचा घालून ढवळला की काही मिनिटांत ती सैल होते, मग एक उकळी द्या. अन्न तेवढंच राहतं, गिळायला सोपं होतं. सुरुवातीला दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, वर्षाला एक वाटीपर्यंत. अंडं, कुस्करलेलं वरण-भात, शेवग्याचा पाला हे सगळं चालतं. बिस्किट आणि चहा नको.

कागद

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या त्या दवाखान्याच्या हद्दीत, तुमच्या ग्रामपंचायतीत नाही. २१ दिवसांत फुकट. त्यानंतर दंड, महिन्यानंतर परवानगी, वर्षानंतर आदेश. बायको सासरी परत येण्याआधीच दाखला हातात घ्या आणि आई-बापाची नावं आधारशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदार यादी सगळीकडे हाच दाखला लागतो. बाळाचं नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क भरता येतं.

मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर अंगणवाडीत राज्याच्या लेक लाडकी योजनेचा अर्ज लगेच करा. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० मिळतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे, त्याचा तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवा. पोस्टात सुकन्या समृद्धी खातं वर्षाला किमान २५० रुपयांवर चालतं. पंधरा वर्षं भरायचं, एकविसाव्या वर्षी मिळतं. हप्ता दर महिन्याला लावून घेऊ नका. वर्षातून एकदा, तुरीचे पैसे आल्यावर, एकदम भरला तरी चालतो.